अक्कांची वैजू

"गोल म्हणजे बाई आणि चौकोन म्हणजे पुरुष," पाध्ये मॅडम म्हणाल्या. कोऱ्या कागदावर त्यांनी पेन्सिलीनं एक गोल काढला आणि तो सावकाश काळा करत आणला. "या आपल्या अक्का. आता यांच्या आईबद्दल सांगा."

पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याची तिसऱ्या मजल्यावरची खोली. टेबलाच्या पलीकडं आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या मॅडम, अलीकडं आम्ही तिघी. मधल्या खुर्चीवर माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे अक्का. वय पंचावन्न, आणि पदराचा काठ बोटाला गुंडाळायचा नि सोडायचा एवढंच त्यांचं काम चाललेलं. त्यांच्या एका बाजूला त्यांची लेक वैजयंता, आमची वैजू, विट्याच्या हायस्कूलात विज्ञान शिकवणारी. दुसऱ्या बाजूला मी, शालन, वैजूची काकू. ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या खोलीतलं सगळं मला अजून बारीकसारीक आठवतं, आणि आठवू नये असं हजारदा वाटून झालंय.

अक्कांच्या माहेरचं मीच सांगितलं, कारण अक्का सांगण्याच्या पलीकडं गेल्या होत्या. त्यांची आई पन्नाशीत भाकरी थापायची विसरली, पुढं पोरांची नावं विसरली आणि साठीच्या आत गेली. मामाचंही तेच. शेवटी शेवटी तो स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा अवघडून बसायचा. कागदावर आणखी एक काळा गोल आला, एक काळा चौकोन आला. मग अक्कांच्या गोलाखाली एक रेघ ओढून मॅडमनी छोटा गोल काढला. "आणि या तुम्ही," त्या वैजूला म्हणाल्या. तो गोल त्यांनी कोराच ठेवला.

नंतर त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. बाई शांत होती, घाई नाही की मोठे शब्द नाहीत. म्हातारपणी माणसाला हा विसरण्याचा आजार होतो त्यातही जनुकांचा हात असतो, पण ती जनुकं नुसती जोखीम वाढवतात. एखाद्याला होतं, एखाद्याला नव्वदीतही होत नाही. अक्कांच्या माहेरचा प्रकार मात्र वेगळा आणि फार क्वचित आढळणारा दिसतो. इथं एकाच जनुकातली चूक आईकडून लेकराकडं येते, आणि आलीच तर पन्नाशीच्या आसपास आजार गाठतोच. येण्याची शक्यता निम्मी. आधी अक्कांच्या रक्तात ती चूक शोधायची, सापडली तर मग वैजूच्या.

वैजू मान डोलावत होती. "आठवी-नववीच्या पोरांना मीच शिकवते हे," ती म्हणाली. "वाटाण्याच्या शेंगांवर."

मॅडम हसल्या. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "एक प्रश्न सगळ्यांनाच विचारावा लागतो, राग मानू नका. तुम्ही यांच्या पोटच्याच ना? दत्तक वगैरे काही?"

"छे हो," वैजू म्हणाली. "कोइमतूरला झाले मी. काकूंना विचारा. आईच्या बाळंतपणाला त्या हजर होत्या."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

"होते की हजर," मी म्हटलं.

हजर नसून जाते कुठं? बाळंत मीच झाले होते.

आता सांगायला बसलेच आहे तर नीट सांगते. आमच्या खानापूर तालुक्यातली कित्येक घरं गलाईच्या धंद्यावर चालतात. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. त्यासाठी आमची माणसं आसामपासून केरळापर्यंत पांगलेली, आणि गावात राहतात म्हातारी माणसं नि बायका. आमचे हे आणि थोरले दीर कोइमतूरला होते. अक्कांच्या लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोन पोरं पोटातच गेलेली, आणि डॉक्टरनं पुढचं दार बंद केलेलं. मला मात्र दोन वर्षांत दोन मुलगे. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी आम्हा दोघी जावांना कोइमतूरला धाडून दिलं आणि गावात सांगितलं की थोरलीला दिवस गेलेत, धाकटी सोबतीला चाललीय. शेकडो कोसांवर कोण कुणाचं पोट बघायला येतंय? आमच्या तालुक्यात असल्या गोष्टी अशाच निभावून जातात, पांगलेल्या माणसांना तेवढी सोय असते. तिथल्या दवाखान्यात मी अक्कांच्या नावानं दाखल झाले. मुलगी झाली. पाचव्या दिवशी मी ती अक्कांच्या ओटीत घातली. अक्कांनी खरसुंडीच्या नाथाचा गुलाल पुडीत बांधून आणला होता. तो माझ्या कपाळाला लावून म्हणाल्या, "शालन, माझ्या मुखातून निघाल्याशिवाय तुझ्या मुखातून निघायचं नाही." मी हो म्हटलं.

परत येताना रेल्वेत पोर अक्कांच्या मांडीवर होती. मी खिडकीशी बसले होते, छाती पट्ट्यानं आवळून बांधलेली. पोर रडली की पट्टा ओला व्हायचा. अक्का बाटलीनं दूध पाजायच्या आणि माझ्याकडं बघायच्या नाहीत. मीही बाहेरच बघत राहिले.

तक्रार म्हणून सांगत नाही. अक्कांनी पोरीवर जीव ओवाळून टाकला. मी तर एकाच घरात होते, रोज बघत होते. तिला ताप आला की उशाशी अक्का, शाळेत घालायला अक्का, आणि पहिला पगार झाला तेव्हा साडी आणली तीही आधी अक्कांना. मला दुसरी आणली. आईला ती अगं म्हणायची, मला अहो. एवढंच.

तर पाध्ये मॅडमच्या खोलीत मी "हजर होते" म्हणाले आणि गप्प बसले. आणि खरं सांगते, त्या घडीला मला स्वतःचं कौतुक वाटलं. मी मनातल्या मनात सगळं जमवून टाकलं होतं. अक्कांच्या माहेरचं काही वैजूच्या अंगात येण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा रक्त तपासलं की स्वच्छ निघणार. वैजूच्या डोक्यावरचं ओझं उतरणार, शपथही राहणार, अक्काही शेवटपर्यंत आईच राहणार. कुणाचं काही बिघडत नाही. घरात कुणाला न सांगता दुधात पाणी घालावं आणि कुणाच्या लक्षात येऊ नये, तसा हिशेब.

वैजूला तपासणीची घाई होती कारण तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा पारे गावचा, रणजित, गुवाहाटीला गलाईचं दुकान. एकोणतिसाव्या वर्षी पोरीनं पहिल्यांदा कुणाला होकार दिला होता, आणि तोही स्वतःच्या मनानं. दिवाळीत सुपारी फुटली, वैशाखातली तारीख निघाली. अक्कांचा आजार तिनं रणजितपासून लपवला नाही. उलट त्याला समोर बसवून सांगितलं की माझ्या रक्तात ती चूक निघाली तर लग्न मोडायचं. माझं काय व्हायचं ते होवो, पोटच्या लेकरांच्या वाट्याला मी हे देणार नाही. रणजित म्हणाला, निघाली तरी मी आहे. ती म्हणाली, तू आहेस ते माहीत आहे, लेकरांचं बोल. असली पोरगी. शब्दाला पक्की.

त्या दिवशी फक्त अक्कांचं रक्त घेतलं. ते कुठं बाहेर पाठवायचं होतं, अडीच महिने लागणार होते.

अडीच महिन्यांत अक्का झपाट्यानं उतरल्या. मला कधी स्वतःची आई समजायच्या, कधी परटीण. एकदा मला म्हणाल्या, बाई तुम्ही कुठल्या, जेवून जावा. वैजू शाळेतून आली की मात्र त्यांचा चेहरा उजळायचा. नाव आठवायचं नाही, पण ही आपली आहे एवढं त्या धरून होत्या. वैजूलाही तेवढ्याचाच आधार होता. ती मला म्हणायची, "काकू, आई सगळं विसरेल, पण मला विसरणार नाही बघा."

पुण्याला जायच्या आठ दिवस आधीची गोष्ट. दुपारची वेळ, शनिवार, म्हणून वैजू लवकर घरी आलेली. ओसरीवर मी अक्कांची वेणी घालत होते. वैजूनं चपला काढल्या आणि आईजवळ येऊन बसली. अक्कांनी तिच्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांत त्यांची नजर अशी ठरली नव्हती. त्या उठल्या, वैजूचा हात धरला, माझ्यासमोर येऊन बसल्या, माझा पदर स्वतःच्या हातानं पसरला आणि वैजूचा हात त्यात ठेवला.

"घे गं शालन," त्या म्हणाल्या. "तुझी तुला दिली. कोइमतूरला तुझ्याकडनं घेतली होती. मला आता सांभाळायला होत नाही."

शब्द एकेक सुटा, स्वच्छ. माझं नाव त्यांनी वर्षभरात पहिल्यांदा घेतलं होतं.

हातातला कंगवा खाली पडला तो मला कळलाही नाही. वैजूचा हात माझ्या पदरात होता, गरम, खडूची पूड लागलेला. ती एकदा आईकडं बघत होती, एकदा माझ्याकडं.

"काकू, आई काय म्हणती?"

विचारलं तिनं. सरळ विचारलं. आणि अक्कांनी स्वतःच्या मुखानं सांगून टाकलं होतं, म्हणजे माझी शपथ तिथंच सुटली होती. एकोणतीस वर्षं ज्या शब्दाची मी वाट बघत होते, तो शब्द ओसरीवर भर दुपारी माझ्या पदरात पडला होता. मी नुसतं "खरं आहे" म्हणायचं होतं. दोन शब्द.

"अगं, या आजारात असं काहीबाही बोलतात," मी म्हटलं. "काल नाही का मला आई म्हणत होत्या. मनावर घेऊ नको."

आणि पदर आवरून घेतला. वैजूचा हात तिच्या मांडीवर पडला.

वैजू हसायला गेली. तिला ते जमलं नाही. ती उठून परसात गेली आणि हौदाशी कितीतरी वेळ तोंड धूत राहिली. मी मागं गेले तेव्हा म्हणाली, "तिला मी तिची वाटतच नाही, काकू. परक्याची म्हणून देऊन टाकली मला." मी तिची पाठ थोपटली. दुसरं करणार काय होते? करण्यासारखं होतं ते तर करून बसले होते.

पुढचे तीन दिवस अक्कांनी धोशा लावला. "हिची हिला द्या." जेवताना, न्हाताना, वैजू समोर दिसली की तेच. मी त्यांना गप्प करायची. त्यांच्या हातात भाजलेल्या शेंगांची वाटी द्यायची, नाहीतर देव्हाऱ्यापुढं नेऊन बसवायची. एकदा तर मी त्यांच्यावर ओरडले. ज्या बाईचा मेंदू सगळं सोडत चालला होता, तिनं एवढी एक खरी गोष्ट माझ्यासाठी जपून ठेवली होती, आणि ती मला द्यायची म्हणून ती धडपडत होती. मी ती परत परत तिच्या तोंडात कोंबत होते. चौथ्या दिवशी त्या विसरल्या. त्यानंतर पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. वैजूकडं बघून उजळणंही त्याबरोबरच गेलं.

पुण्याला या खेपेला आम्ही दोघीच गेलो. अक्कांजवळ शेजारची बाई ठेवली होती. त्याआधी, थोरले दीर नि सासूबाई कधीच वारले होते म्हणून, मी ह्यांनाच कोइमतूरला फोन केला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, रिपोर्ट स्वच्छच येणार आहे तर आता कशाला उकरून काढायचं. मला हेच ऐकायचं होतं. माझी दोन्ही मुलंही तिकडंच, बापाबरोबर धंद्यात. वर्षातून एकदा जत्रेला यायची.

पाध्ये मॅडमनी आमच्यापुढं पाणी ठेवलं आणि सांगितलं की अक्कांच्या रक्तात चूक सापडली आहे. आता वैजूचं रक्त घ्यायचं. महिन्याभरात काय ते कळेल. घाई नाही, हवं तर विचार करून या, आणि जाणून घ्यायचं नसेल तर तोही तुमचा अधिकार आहे. वैजू म्हणाली, विचार झालाय. नर्स आली, तिनं रबराची पट्टी काढली. वैजूनं बाही वर केली.

मी निवांत होते. खोटं कशाला बोलू, परतीच्या गाडीत बसायला जागा मिळेल का याचा विचार चालला होता माझा.

आणि वैजूनं बाही परत खाली केली.

"मला नाही बघायचं, मॅडम," ती म्हणाली.

नर्सला मॅडमनी डोळ्यांनीच थांबवलं. माझा सगळा हिशेब त्या एका सुईवर उभा होता. मी वैजूचा दंड धरला. म्हटलं, अगं असं काय करतेस, दे रक्त, काही निघणार नाही त्यात.

"तुम्हाला काय माहीत, काकू?"

खोलीत आम्ही चौघी. दाराबाहेर कुणाचं तरी नाव पुकारत होते. मॅडमच्या टेबलावर तोच कागद होता, दोन काळे गोल, एक काळा चौकोन आणि खाली तो कोरा. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं.

"देवावर भरवसा आहे माझा," मी म्हटलं.

वैजूनं माझ्या हातावर हात ठेवला. मलाच समजावत असल्यासारखी बोलली. "निम्मी शक्यता म्हणजे नाणं फेकणं आहे, काकू. मला आधी वाटायचं, जे असेल ते कळू दे, मी सोसेन. पण परवा आईनं मला तुमच्या पदरात टाकलं ना, तेव्हा मला दिसलं ते. उद्या मी माझ्या लेकराचा हात धरून असंच कुणाच्या तरी पदरात देऊन टाकीन, ही माझी नाही म्हणून. माझ्या लेकराला तसं बघायला लावायचं नाही मला. आणि चूक निघाली तर वीस वर्षं रोज त्या दिवसाची वाट बघत जगायचं, तेही जमणार नाही. त्यापेक्षा नको. लग्न नको, लेकरू नको, रिपोर्टही नको."

पाध्ये मॅडमनी तिला पुष्कळ समजावलं. आज ठरवू नका म्हणाल्या, पुन्हा या म्हणाल्या, हवं तर नवऱ्यामुलालाही घेऊन या. वैजूनं त्यांना नमस्कार केला आणि ती पुन्हा तिथं गेली नाही.

स्वारगेटला गाडी लागायची होती तेवढ्यात तिनं रणजितला फोन केला. मी चार पावलं लांब थांबले, पण ऐकू येत होतं. तो रडत असावा, कारण तीच त्याची समजूत काढत होती. रणजित दोन महिन्यांनी घरी येऊन गेला, पुन्हा एकदा येऊन गेला. तिसऱ्या वर्षी त्याचं लग्न झालं. त्याला दोन मुली आहेत.

आता जे सांगणार आहे ते मी कधी देवापुढंही बोलले नव्हते. त्या परतीच्या गाडीत, सातारा मागं पडल्यावर, वैजू रडून रडून थकली आणि तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. झोपली. पाच दिवसांची होती तेव्हापासून ती कधी माझ्या अंगावर झोपली नव्हती, झोपली ती अक्कांच्या. मी हलले नाही. खांद्याला मुंग्या आल्या तरी हलले नाही. आणि मला बरं वाटलं. गुवाहाटी कुठल्या कुठं राहिलं आणि पोर इथंच राहणार, माझ्या डोळ्यांसमोर, एवढंच कळत होतं मला. मुलगे लांब गेले होते, ही राहणार होती. शपथेचं नाव मी पुढं करत होते, पण शपथ तर आठ दिवसांपूर्वीच सुटली होती. अक्कांचं आईपण जपायचं म्हणावं, तर अक्काच ते सोडून मोकळ्या झाल्या होत्या. मी गप्प बसले ते माझ्या लोभापायी. वैजूचा संसार मोडला त्या दिवशी मी तिची आई झाल्यासारखी खूश होते. आई असं करत नाही.

अक्का चार वर्षांनी गेल्या. करोनात आमचे हे गेले. मुलगे कोइमतूरलाच घरं बांधून बसले. गावातल्या घरात मी आणि वैजू, दोघीच. तिनं माझं काही कमी केलं नाही. माझे गुडघे, माझी साखर, माझी पथ्यं, सगळं तिच्याकडं. तिला ठसका लागला तरी माझं काळीज हलतं, पण तिला मी म्हणावी तशी कधी जवळ घेऊ शकले नाही. घ्यायला गेले की ओसरी आठवायची.

ती आता चव्वेचाळीस वर्षांची आहे. गेल्या काही वर्षांत तिचं एक सुरू झालंय. सकाळी उठल्या उठल्या वर्गातल्या सगळ्या पोरांची नावं हजेरीच्या क्रमानं पुटपुटते. एखादं अडलं की तिचा चेहरा पांढरा पडतो. किल्ली सापडली नाही, गॅसवर दूध उतू गेलं की ती तशीच उभी राहते. मी म्हणते, अगं माणूस आहे, विसरायचंच. ती नुसती बघते. जे तिच्या अंगात नाही, कधीच नव्हतं, त्याची ती रोज वाट बघते. आणि हे मला माहीत आहे, आणि मी तिच्या हातची भाकरी खाते.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तिनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि एक कागद ठेवला. अशा रुग्णांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथं तिनं नाव नोंदवून ठेवलं होतं. स्वतःचं. म्हणाली, "पन्नाशी जवळ आली, काकू. तुमच्या म्हातारपणी तुमच्यावर भार नको."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी सांगितलं. कोइमतूरपासून सुरुवात केली आणि काही म्हणता काही ठेवलं नाही. अक्कांच्या नावानं दाखल झाले ते, छातीचा पट्टा, गुलाल, मॅडमच्या खोलीतलं "हजर होते की". ओसरीवरचं सांगितलं. गाडीत मला बरं वाटलं तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुला काही होणार नाही, वैजू. तू अक्कांची नाहीस. माझी आहेस. मी गुन्हेगार आहे तुझी. वाटेल ते बोल मला."

वैजूनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि मी वाट बघत होते, ती ओरडेल, हातातलं फेकून मारेल, निदान उठून जाईल. ती माझ्या जवळ सरकली.

"काकू," ती हळूच म्हणाली, "आज वार कोणता?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, रविवार.

"बरोबर. आणि दुपारी काय जेवलो आपण?"

तेव्हा कळलं. दुपारचं मला पटकन आठवेना. असं अचानक विचारल्यावर कुणाला आठवतं? ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, संशय नव्हता. नुसती माया होती आणि भीती, अक्कांकडं बघताना असायची तशी.

"वैजू, मला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "मी शुद्धीवर बोलते आहे. माझं रक्त तपास. तुझं तपास. दोन्ही एकदम तपास, मग तरी पटेल."

"तपासू की," ती म्हणाली. माझे विस्कटलेले केस तिनं कानामागं सारले. "सगळं तपासू. उद्या रजा काढते मी, डॉक्टरांकडं जाऊन येऊ. तुम्ही आता शांत बसा बघू."

आणि चहा सांडेल म्हणून माझ्या हातातला कप तिनं अलगद काढून घेतला.